मॉनिटरवर चित्र न दिसल्यास दोष कसा शोधावा

संगणक सुरू केला, पंख्याचा आवाज आला, कळफलकावरील दिवे लागले, परंतु पडदा मात्र काळाच राहिला, असा प्रसंग संगणक वापरणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतो. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असो, दुकानाचा हिशेब असो अथवा कार्यालयातील पत्रव्यवहार असो, पडदा काळा पडताच सारे काम ठप्प होते. अशा वेळी ‘मॉनिटर गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि नवा मॉनिटर विकत घेतला जातो. त्याही मॉनिटरवर चित्र दिसले नाही, म्हणजे दोष दुसरीकडेच होता, हे उशिरा लक्षात येते.

पडद्यावर चित्र न दिसणे हे केवळ लक्षण होय. त्याचे कारण वीजपुरवठ्यात, केबलमध्ये, संगणकात किंवा मॉनिटरमध्ये, अशा चार ठिकाणी असू शकते. या चार ठिकाणांपैकी दोष नेमका कोठे आहे, हे एकही स्क्रू न काढता बहुतांश वेळा घरच्या घरी ओळखता येते. त्यासाठी विशेष उपकरणांची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती ठरावीक क्रमाने तपासणी करण्याची.

चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते

संगणकातील ग्राफिक्स कार्ड, किंवा मदरबोर्डवर असलेली ग्राफिक्सची सोय, चित्र तयार करते. ते केबलमधून मॉनिटरकडे जाते. मॉनिटरमधील सर्किट त्याचा अर्थ लावून पडद्यावरील प्रत्येक बिंदूला, म्हणजेच पिक्सेलला, रंग देते. पडद्यामागील बॅकलाइटमुळे ते चित्र डोळ्यांना दिसते.

जोडणीचे प्रकार काळानुरूप बदलत गेले आहेत. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी अनेक जुन्या यंत्रांवर अद्याप आढळते. त्यानंतर १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट या जोडण्या आल्या. व्हीजीएमधून जाणारा संकेत ॲनालॉग असतो, तर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्टमधून जाणारा संकेत डिजिटल असतो. हा भेद लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही प्रकारांतील दोषांची लक्षणे वेगवेगळी असतात. ॲनालॉग जोडणी बिघडल्यास चित्र धूसर होते, त्याची सावली पडते किंवा रंग बदलतो. डिजिटल जोडणी बिघडल्यास पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधूनमधून नाहीसे होते किंवा मुळीच दिसत नाही.

प्रथम हातातील काम वाचवावे

चालू काम करीत असताना पडदा एकाएकी काळा पडल्यास संगणक तत्काळ बंद करू नये. पडदा काळा झाला याचा अर्थ संगणक बंद पडला किंवा त्यातील माहिती नष्ट झाली, असा होत नाही. पडद्याआड संगणक बहुधा चालूच असतो. शेवटी वापरात असलेला दस्तऐवज जतन करण्यासाठी कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात. दस्तऐवजाला आधी नाव दिलेले असेल, तर तो तेथेच जतन होतो.

त्यानंतर शक्य असल्यास संगणक घरातील दूरचित्रवाणी संचाला एचडीएमआय केबलने जोडून पाहावा. तेथे चित्र दिसले, तर काम पूर्ण करून संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करता येतो. तेथेही चित्र न दिसल्यास संगणकाचे पॉवर बटण एकदा हलकेच दाबून सोडावे. बहुतेक संगणकांत याने यंत्र क्रमाक्रमाने बंद होऊ लागते किंवा निद्रावस्थेत जाते. बटण काही सेकंद दाबून धरणे, म्हणजे वीज एकदम तोडणे होय. तो उपाय शेवटचा समजावा.

दिवा, संदेश आणि मेनू

मॉनिटर स्वतःच आपल्या प्रकृतीविषयी तीन प्रकारे माहिती देत असतो.

पहिला, त्याचा दिवा. दिवा मुळीच लागत नसेल, तर वीज मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही किंवा मॉनिटरमधील वीजपुरवठ्याचा भाग बिघडला आहे. दिव्याचा रंग नेहमीपेक्षा वेगळा असेल किंवा तो उघडझाप करीत असेल, तर मॉनिटर चालू आहे, परंतु त्याला संगणकाकडून चित्र मिळत नाही.

दुसरा, पडद्यावरील संदेश. ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक सिग्नल केबल’ असा संदेश दिसत असल्यास ती एका अर्थाने चांगली बातमी आहे. संदेश वाचता येतो, म्हणजे पडदा, बॅकलाइट आणि आतील सर्किट कार्यरत आहेत. दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधावा. मॉनिटरचे इनपुट सर्किट बिघडल्यामुळेही असा संदेश येऊ शकतो, परंतु ती शक्यता तुलनेने कमी असते.

तिसरा, मॉनिटरचा स्वतःचा मेनू. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली असलेली कळ दाबली असता प्रकाशमान, रंग इत्यादींचा मेनू पडद्यावर येतो. हा मेनू संगणकाकडून येत नाही, तो मॉनिटरच तयार करतो. म्हणून चित्रात दोष असताना मेनू स्वच्छ व स्थिर दिसला, तर दोष मॉनिटरच्या बाहेर आहे. मेनूही तसाच रंगहीन, थरथरता किंवा रेघांनी भरलेला दिसला, तर दोष मॉनिटरमध्ये आहे. अर्ध्या मिनिटाच्या या एका चाचणीने अनावश्यक खरेदी टळू शकते.

अशीच दुसरी चाचणी पडद्याच्या छायाप्रतीची. प्रिंट स्क्रीन या कळेने पडद्याची प्रतिमा जतन करून ती मोबाइल फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावी. तेथेही दोष दिसत असेल, तर तो संगणकातच आहे. प्रतिमा निर्दोष असेल, तर केबल किंवा मॉनिटर तपासावा. क्वचित ग्राफिक्स कार्डाचा दोषही छायाप्रतीत उमटत नाही, म्हणून या चाचणीसोबत मेनूची चाचणीही करावी.

पडदा पूर्णपणे काळा असल्यास

दिवा लागत नसल्यास त्याच स्विचबोर्डवर दुसरे एखादे उपकरण लावून वीज येत असल्याची खात्री करावी. अनेकदा मल्टीप्लगचा स्विच बंद असतो किंवा मॉनिटरच्या मागील बाजूची पॉवर केबल सैल झालेली असते. ही केबल बहुतेक मॉनिटर व संगणक यांत एकाच आकाराची असते. त्यामुळे संगणकाची केबल मॉनिटरला लावून पाहता येते. वेगळा अडॅप्टर असलेल्या मॉनिटरबाबत मात्र तेवढ्याच व्होल्टचा, पुरेशा क्षमतेचा आणि त्याच ध्रुवरचनेचा अडॅप्टर असल्याशिवाय तो बदलू नये.

‘नो सिग्नल’ असा संदेश येत असल्यास केबलची दोन्ही टोके काढून, पिना वाकलेल्या नाहीत हे पाहून, ती पुन्हा घट्ट बसवावीत. त्यानंतर मॉनिटरच्या मेनूत ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ या सदरात योग्य जोडणी निवडलेली आहे का, हे पाहावे. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची, असे अनेकदा घडते.

संगणकाच्या मागील बाजूसही एक चूक नेहमी आढळते. ज्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेले असते, त्यावर चित्राची दोन स्थाने असतात, एक मदरबोर्डचे आणि दुसरे कार्डाचे. कार्ड बसविल्यानंतर मदरबोर्डचे स्थान बहुधा निष्क्रिय होते. साफसफाईनंतर किंवा जागा बदलल्यानंतर केबल चुकीच्या ठिकाणी लावली गेली, तर यंत्रात कोणताही बिघाड नसताना पडदा काळा राहतो.

एका जोडणीचे दुसऱ्या जोडणीत रूपांतर करणारे कन्व्हर्टर वापरताना त्याची दिशा पाहावी. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर उलट दिशेने काम करीत नाही. दिसण्यात दोन्ही सारखे असल्याने ग्राहकाची फसगत होते.

केबल व निवड योग्य असूनही संदेश कायम राहिला, तर तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडावा. तेथे चित्र आल्यास दोष पहिल्या संगणकात आहे. संगणक सुरू होताना ठरावीक पद्धतीने बीप असा आवाज करीत असल्यास आवाजांची संख्या व लांबी लिहून ठेवावी. मदरबोर्डच्या निर्मात्यानुसार या आवाजांचे अर्थ बदलतात, परंतु मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड नीट बसलेले नसल्याची सूचना त्यातून मिळते.

दिवा योग्य रंगाचा आहे, संगणक चालू असल्याची चिन्हे आहेत, परंतु संदेश किंवा चित्र काहीच दिसत नाही, अशी स्थिती असल्यास खोलीत अंधार करावा आणि विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. त्या उजेडात अक्षरे किंवा चित्र अंधुक दिसले, तर चित्र येत आहे, केवळ बॅकलाइट बंद पडला आहे. मॉनिटर सुरू केल्यावर एक-दोन सेकंद चित्र दिसून पुन्हा अंधार होत असेल, तरी बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग सदोष असण्याची शक्यता असते. २००० नंतरच्या काही वर्षांत तयार झालेल्या अनेक यंत्रांमध्ये कमी प्रतीचे कपॅसिटर वापरले गेले होते. असे कपॅसिटर माथ्याशी फुगतात आणि मॉनिटर सुरू होण्यास उत्तरोत्तर अधिक वेळ घेऊ लागतो. कपॅसिटर हा स्वस्त भाग असून जाणकार तंत्रज्ञ तो बदलून देऊ शकतो.

लॅपटॉपच्या बाबतीत चित्र दुसऱ्या पडद्याकडे वळविले गेले नाही ना, हे पाहावे. विंडोज प्रणालीत विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबल्यास पडदा निवडता येतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधीकधी तेवढ्यानेच चित्र परत येते. ही सोय विंडोज ८ व त्यापुढील आवृत्त्यांत आहे.

चित्र दिसते, परंतु सदोष दिसते

‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश आल्यास संगणक मॉनिटरच्या क्षमतेबाहेरचे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट पाठवीत आहे, असे समजावे. विंडोजमध्ये असा बदल केल्यावर १५ सेकंद काहीही न करता थांबल्यास पूर्वीची व्यवस्था आपोआप परत येते. तसे न झाल्यास संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून योग्य निवड करावी.

अक्षरे धूसर दिसत असल्यास प्रथम रिझोल्यूशन तपासावे. सपाट पडद्यावर पिक्सेलची संख्या निश्चित असते. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर त्याहून कमी रिझोल्यूशन निवडल्यास चित्र ताणले जाते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. मराठी वाचकांना हा दोष लवकर जाणवतो, कारण जोडाक्षरे, अनुस्वार आणि रफार यांचे बारकावे प्रथम नाहीसे होतात. व्हीजीए जोडणी असल्यास मॉनिटरवरील ‘ऑटो’ ही कळ दाबावी. संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडलेला असताना चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर संचाच्या मेनूतील ओव्हरस्कॅन ही सोय बंद करावी.

रंग बदलल्यास तोच रंग दोषाचा ठावठिकाणा सांगतो. व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा व निळा या रंगांसाठी स्वतंत्र पिना असतात. निळा संकेत तुटल्यास पांढरा पडदा पिवळा दिसतो, हिरवा तुटल्यास जांभळट गुलाबी आणि लाल तुटल्यास आकाशी हिरवट दिसतो. अशा वेळी केबल हळूच हलविल्यावर रंग बदलत असल्यास केबल बदलावी. सायंकाळनंतर पडदा पिवळसर होत असेल, तर तो दोष नसून रात्रीसाठीची ‘नाइट लाइट’ ही सोय सुरू असण्याची शक्यता आहे.

चित्र लुकलुकत असल्यास केबल, रिफ्रेश रेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर या क्रमाने तपासणी करावी. ३८४० × २१६० पिक्सेलच्या मॉनिटरला जुनी किंवा फार लांब एचडीएमआय केबल लावल्यास चित्र मधूनमधून नाहीसे होते. या रिझोल्यूशनवर सेकंदाला ६० चित्रे दाखविण्याची क्षमता एचडीएमआयच्या २०१३ मधील २.० या आवृत्तीपासून आली. ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर दोष सुरू झाला असेल, तर पूर्वीची आवृत्ती परत घ्यावी.

एकच उभी किंवा आडवी रेघ सतत दिसत असून ती मेनूवरही उमटत असेल, तर दोष पॅनेलमध्ये किंवा त्याच्या आतील जोडणीत आहे. पडद्याला तडा गेल्यास पॅनेल बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या मॉनिटरच्या किमतीच्या जवळपास जातो. कायम काळा किंवा कायम पेटलेला बिंदू हा पिक्सेलचा दोष होय. १९२० × १०८० च्या पडद्यावर २० लाखांहून अधिक पिक्सेल असतात. त्यामुळे एखादा पिक्सेल सदोष असल्यास बदली मिळेलच असे नाही. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकाने दुसऱ्या वर्गाच्या पडद्यांत दर १० लाख पिक्सेलमागे २ सतत पेटलेले आणि २ कायम काळे पिक्सेल ग्राह्य धरले होते. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ या मानकाने घेतली. खरेदी करतानाच पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पडदे पाहून घ्यावेत आणि हमीपत्रातील पिक्सेलविषयक अट वाचावी.

दमट हवा आणि वीज

किनारपट्टीवरील प्रदेशात, तसेच पावसाळ्यात सर्वत्र, हवेतील बाष्पाचा परिणाम जोडण्यांवर होतो. पिनांवर गंज चढतो आणि संपर्क क्षीण होतो. केबल काढून पुन्हा बसविल्यावर चित्र परत येते, यामागे अनेकदा हेच कारण असते. वातानुकूलित खोलीतून किंवा प्रवासातून आणलेला मॉनिटर दमट हवेत लगेच सुरू करू नये. आत जमलेले दव सुकण्यास काही तास द्यावेत.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, परंतु अनेक भागांत दाबात चढउतार होतो. ठरावीक वेळी, विशेषतः पंप किंवा वातानुकूलन यंत्र सुरू होताना चित्र थरथरत असल्यास वीजपुरवठा तपासावा. व्हीजीए जोडणीत पडद्यावर हळूहळू सरकणारे पट्टे दिसत असल्यास अर्थिंगकडे लक्ष द्यावे. मॉनिटर आणि संगणक एकाच बोर्डवर लावल्यास हा दोष पुष्कळदा नाहीसा होतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसविणे धोक्याचे आहे. विजा चमकत असताना केवळ स्विच बंद करणे पुरेसे नसते, प्लग काढून ठेवावा.

मॉनिटर उघडू नये

येथवरच्या साऱ्या चाचण्या बाहेरूनच करावयाच्या आहेत. मॉनिटरचे मागील झाकण सामान्य वापरकर्त्याने उघडू नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत मॉनिटरमध्ये सुमारे २० ते ३० हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. सपाट मॉनिटरच्या वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरमध्येही सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठलेला असू शकतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे.

पडदा पुसताना मॉनिटर बंद करून मऊ, कोरडे किंवा किंचित ओलसर कापड वापरावे. स्पिरिट किंवा अमोनियायुक्त द्रवाने पडद्यावरील थर खराब होतो. पाणी थेट पडद्यावर फवारल्यास ते खालच्या कडेतून आत शिरते.

तंत्रज्ञाला काय सांगावे

‘पडदा दिसत नाही’ एवढेच सांगितल्यास तंत्रज्ञाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याऐवजी पुढील गोष्टी लिहून द्याव्यात : दिव्याचा रंग कोणता होता, संदेश कोणता आला, मेनू स्वच्छ दिसला का, दुसऱ्या केबलने व दुसऱ्या संगणकावर काय घडले, आणि दोष सुरू होण्यापूर्वी कोणता बदल केला होता.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डाच्या दोषासाठी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याचे काहीही कारण नसते. माहिती मॉनिटरमध्ये नव्हे, तर संगणकाच्या डिस्कमध्ये साठविलेली असते. दुरुस्तीच्या नावाखाली फॉरमॅट सुचविले गेल्यास प्रथम त्याचे कारण विचारावे आणि माहितीची प्रत काढल्याखेरीज संमती देऊ नये. वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि हिशेब एका सैल केबलपायी गमावण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

मॉनिटर दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल, तर तो कचऱ्यात टाकू नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, तर एलईडीपूर्व काळातील सपाट मॉनिटरच्या बॅकलाइटमध्ये पारा असतो. अशा यंत्रांची विल्हेवाट ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार करावयाची असून हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. जुना मॉनिटर उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे सोपवावा.

या सर्व तपासणीचे सूत्र एकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. केबल, मॉनिटर आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलल्यास चित्र कदाचित परत येईल, परंतु दोष कोठे होता हे कळणार नाही आणि खर्च मात्र तिप्पट होईल. वीज, केबल, संगणक आणि मॉनिटर या क्रमाने शोध घेतल्यास बहुतेक वेळा चांगला मॉनिटर विनाकारण बाद होत नाही आणि हातातील कामही वाचते.